गच्चीवर तडितरक्षक आहे, तरी लिफ्टचं कार्ड जळलं
प्रश्न (खारघर): डोंगराच्या बाजूला आमची सात मजली सोसायटी. परवा रात्री शेजारच्या टॉवरवर वीज पडली आणि आमच्या लिफ्टचं कार्ड (कंट्रोलचा सर्किट बोर्ड), सीसीटीव्हीचा डीव्हीआर, तीन घरांचे राउटर गेले. गच्चीवर तडितरक्षक असताना हे कसं? मी सेक्रेटरी, सगळे मलाच विचारतायत.

उत्तर (वाशी, वायरमन): दादा, तडितरक्षक इमारत वाचवतो, उपकरणं नाही. वीज शेजारी पडली तरी वायर आणि केबलमधून सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, आत शिरतो. मेन पॅनेलला टाइप 1+2 एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) बसवा. त्याच्या जोडवायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात. लांबवल्या की जास्तीचा व्होल्टेज पुढे जातोच. कॅमेऱ्याच्या केबलला वेगळा एसपीडी लागतो, तो हमखास राहून जातो. अर्थिंग मोजून घ्या, 10 ओहमच्या आत हवं. आणि आधी गच्चीवर जा, तडितरक्षकाची धातूची पट्टी खाली अर्थपिटापर्यंत (अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत) अखंड आहे का बघा. नेरूळला एका ठिकाणी वॉटरप्रूफिंगवाल्यांनी कापलेलं टोक सिमेंटमध्ये गाडलेलं मी स्वतः उकरून काढलंय. फार जिवावरचं काम आहे हे.

उत्तर (ठाणे): पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारं ॲप घ्या. इशारा आला की आम्ही टीव्ही, राउटरचे प्लग काढतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्रश्नकर्ता: आत्ताच वर जाऊन आलो. टाकीमागे पट्टी हातभर गायब आहे. उद्याच माणूस बोलावतो.