दिवंगत कलावंतांच्या जाहिरातींबाबत मदत हवी आहे
दिवंगत कलावंतांच्या प्रतिमेच्या व्यापारी वापरावर मी टिपण लिहीत आहे. १९८७ मध्ये निधन पावलेले हॉलिवूडचे अभिनेते व नर्तक फ्रेड अ‍ॅस्टेअर यांना १९९७ मध्ये जुन्या चित्रपटांतील दृश्यांतून उचलून एका जाहिरातीत व्हॅक्यूम क्लीनरसोबत नाचवले गेले. पत्नीची संमती होती, पण खुद्द कलावंताला ते रुचले असते का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. कॅलिफोर्नियात अशा व्यापारी वापरावरील वारसांचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. उलट सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे म्हटले. मग एखाद्या दिवंगत मराठी अभिनेत्याचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने जाहिरातीत आणला, तर कुटुंबीयांना कोणत्या आधारे हरकत घेता येईल? वकिलांनी व जाहिरात क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. अशा वापरासाठीच्या संमतिपत्राचा नमुना मिळाल्यास फार उपयोग होईल.