मदत हवी आहे: आजीच्या पाळण्याचा जुना ऑइलपेंट कसा काढायचा?

लेकीची खोली जुन्या वळणाची करतोय. इरकलीचा पडदा झाला, भिंतीवर सोलापुरी चादर टांगली (अंगावर नाही, इथल्या उकाड्यात कोण घालणार!). अडलंय पाळण्यावर. सागवानी आहे, पण वर हिरव्या ऑइलपेंटचे तीन थर, कठड्याला पोपडे सुटलेत. रंग 1980 च्या आसपासचा, त्यामुळे त्यात विषारी शिसं (लेड) असण्याची भीती. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली 2017 मध्ये. म्हणून, शिशाची धूळ उडू नये यासाठी, पॉलिश पेपर लावलेला नाही. सुतार "घासून देतो" म्हणाला, मी थांबवलं. ओल्या फडक्याने सुटे पोपडे टिपले, तेवढंच. बायको-मुलगी महिनाभर माहेरी आहेत, तोवरच वेळ. रिमूव्हरने, धूळ न उडवता रंग काढून देणारं सोलापुरात कुणी आहे का? आणि वर लाखेचं पॉलिश केलं तर लेकीने कठडा चावला तरी चालेल ना?