मदत हवी आहे : मुठे, उदमांजरे आणि काकांचा न हटणारा खोकला

नमस्कार.

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. माझे काका (वय ५८) गेले आठ महिने खोकत आहेत. बेडका तांबूस, गंजाच्या रंगाचा पडतो; ताप मात्र फारसा नाही आणि वजनही विशेष उतरलेले नाही. एक्स-रेत फुप्फुसावर डाग दिसल्यामुळे त्यांना क्षयाची औषधे सुरू करण्यात आली, परंतु बेडक्याच्या दोन्ही तपासण्यांत क्षयाचे जंतू सापडले नव्हते आणि पाच महिने औषधे घेऊनही खोकल्याला उतार नाही.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी शंका पॅरागोनिमस या फुप्फुसात राहणाऱ्या चपट्या कृमीवर गेली आहे. काका पावसाळ्यात रानडुकरांच्या भीतीने रात्री भाताच्या राखणीला जातात आणि पऱ्यात (ओढ्यात) पकडलेले मुठे (गोड्या पाण्यातले खेकडे) तिथेच निखाऱ्यावर टाकून खातात. ते वरून करपतात, पण आतून बऱ्याचदा कच्चेच राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे (आणि खाल्लेही आहे).

या कृमीची ओळख पटली तीच वाघामुळे. १८७८ साली त्याचे वर्णन झाले ते युरोपातील प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघाच्या फुप्फुसांतून, आणि ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचे नाव त्याच्या जातीला मिळाले. वाघ, बिबट्या, उदमांजर, मुंगूस असे खेकडे किंवा खेकडे खाणारी जनावरे खाणारे सस्तन प्राणी त्याचे नैसर्गिक पोशिंदे (ज्यांच्या शरीरात तो राहतो ते प्राणी) असतात. अंडी त्यांच्या खोकल्यातून किंवा विष्ठेतून पाण्यात जातात, तिथे अळी आधी गोगलगायीत आणि मग खेकड्यात शिरते, आणि खेकडा कच्चा खाणाऱ्याच्या आतड्यातून बाहेर पडून छाती आणि पोट यांमधला पडदा भेदून फुप्फुसात पोहोचते. म्हणजे गावात एकही रुग्ण नसला तरी जंगलातले प्राणी हे चक्र चालू ठेवू शकतात. आमच्या पऱ्याच्या काठी दगडांवर उदमांजराची विष्ठा नेहमी पडलेली असते आणि तिच्यात खेकड्याच्या कवचाचे तुकडे स्पष्ट दिसतात.

भारतात या रोगाचे रुग्ण मुख्यत्वे मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत नोंदले गेले आहेत. म्हणून डॉक्टरांनी माझी शंका हसून उडवली. कोकणात असे कोणाच्या पाहण्यात आले आहे का? काकांसाठी नेमकी कोणती तपासणी मागावी? आणि पऱ्याकाठची विष्ठा तपासून घेण्याचा काही रीतसर मार्ग आहे का?

प्रतिसाद

सर, आपली शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोगलगायीतून पसरणारा कृमिरोग आपल्या जिल्ह्यात कधी सापडलाच नाही असे समजू नये. गुहागर तालुक्यातील गिमवी येथे लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमाच्या रोगाची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली केली होती. तो कृमी वेगळा आणि त्याचा मुख्य पोशिंदा माणूसच, पण शोधले म्हणून सापडले, एवढे त्यातून दिसते.

क्षयासाठी बेडका रंगवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात या कृमीची अंडी बिघडतात आणि नजरेतून सुटतात. म्हणून ताजा, न रंगवलेला बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. बेडका गिळला जात असल्यामुळे विष्ठेचीही तपासणी करून घ्या आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींचे (कृमींच्या लागणीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) प्रमाण पाहा. मुठे अर्धेकच्चे खाल्ल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण ते कोणी विचारत नाही. निदान पक्के झाल्यास प्राझिक्वांटेल हे औषध दोन-तीन दिवसच घ्यावे लागते. मात्र तोवर क्षयाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका.

विष्ठेबाबत प्रथम वनक्षेत्रपालांकडे अर्ज करा आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाला लिहा. हातमोजे घातल्याशिवाय काहीही गोळा करू नका. रानडुकराच्या मांसाचाही विचार करा : त्याच्या स्नायूंत या कृमीची पिल्ले न वाढता जिवंत राहतात आणि ते मांस कच्चे राहिले तर माणसाला लागण होते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. बुधवारी काकांना घेऊन जातो आणि ताज्या बेडक्याचा आग्रह धरतो. रानडुकराचे मांस आमच्याकडे कोणी खात नाही, निदान उघडपणे तरी नाही. आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे मुठ्यांचे पाय पाट्यावर वाटून त्याचा रस गाळून रश्श्यात घालतात. रस्सा उकळतो, पण त्याच पाट्यावर पुढे कोथिंबीर आणि ओले खोबरे वाटले जाते, आणि ती चटणी कच्चीच खाल्ली जाते. पाटा नुसता पाण्याने धुणे पुरेसे आहे का, की कढत पाणी ओतावे लागेल? आईला पटवून सांगायचे आहे, म्हणून नेमके कारण हवे आहे.