वधस्तंभाचे जुने गीत, आणि ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे काहीच नाही त्यांचा त्याग

प्रश्न : नवापूरकर

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार.

आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) नवापूर तालुक्यातील एका लहान गावात आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्स यांचे ‘व्हेन आय सर्व्हे द वंड्रस क्रॉस’ हे जुने गीत मराठीत गातो. वधस्तंभाकडे पाहताना गाणाऱ्याला आपला मोठ्यातला मोठा लाभही तोटा वाटू लागतो, मनाला भुरळ घालणाऱ्या पोकळ गोष्टी तो ख्रिस्ताच्या रक्तासाठी सोडून देतो, आणि अवघी सृष्टी आपल्या मालकीची असती तरी ही भेट फार लहान ठरली असती असे म्हणत अखेरीस स्वतःलाच देऊ करतो, असा या गीताचा आशय आहे. मला ते लहानपणापासून पाठ आहे आणि अतिशय प्रिय आहे.

माझी अडचण अशी. आमच्या मंडळीतील बरीच कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) पुष्कळदा पडावावरच, म्हणजे तोडकऱ्यांच्या तळावरच, येतो, आणि गावात उरतात ती म्हातारी माणसे व त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे. वचन सांगण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे या काळात मी मंडळीला ‘यंदा तुम्ही प्रभूसाठी काय सोडणार?’ असे विचारावे, अशी अपेक्षा असते. शहरातल्या मंडळ्यांतून कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा, कोणी मोबाइल. परंतु ज्या घरात मटण सणावारीच शिजते आणि ज्या घरातल्या कर्त्या माणसाची हंगामाची मजुरी उचलीच्या रूपाने आधीच खर्चून गेलेली असते, त्या घराला हा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळते. आत्मत्याग हा पोट भरलेल्यांनीच आचरण्याचा धर्म आहे काय? की या गीतातला त्याग वेगळाच आहे आणि आम्ही त्याचा अर्थ उगाच आकुंचित करून ठेवला आहे?

आणखी एक गोष्ट मनात आहे. ‘सारी सृष्टी’ हे शेवटचे कडवे सुरू झाले की आमच्याकडे अर्पणाची थैली फिरते. हे योग्य आहे का, याविषयीही जाणकारांनी लिहावे.

उत्तर : पांझराकाठ, धुळे

नवापूरकर बंधू, या गीताचा जन्म कशासाठी झाला हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचा बराचसा उलगडा होईल असे मला वाटते.

वॉट्स यांनी हे गीत १७०७ साली आपल्या गीतसंग्रहात छापले. त्या संग्रहाचे तीन भाग होते आणि हे गीत तिसऱ्या भागात, म्हणजे प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करत भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी गाण्यासाठी रचलेल्या गीतांत होते. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. प्रभुभोजनाच्या मेजाकडे कोणीही काही घेऊन येत नाही. तेथे श्रीमंताचा आणि मजुराचा हात सारखाच रिकामा असतो आणि दोघांनाही मिळणारा भाकरीचा तुकडा सारखाच असतो. देणाऱ्याचे म्हणून आज ओळखले जाणारे हे गीत मुळात घेणाऱ्यांच्या तोंडी घातलेले आहे.

त्याचा क्रमही तसाच आहे. पहिल्या कडव्यात गाणारा केवळ पाहतो, आणि त्या पाहण्याने लाभ तोटा वाटू लागतो व गर्व गळून पडतो. दुसऱ्या कडव्यात, ख्रिस्ताच्या मरणावाचून कशाचाही अभिमान बाळगू नये अशी विनवणी येते. ती गलतीकरांस पत्र ६:१४ वरून आली आहे. भुरळ घालणाऱ्या गोष्टी सोडण्याची भाषा येते ती त्यानंतर. तिसऱ्या कडव्यात दृष्टी पुन्हा वधस्तंभाकडे, त्या मस्तकाकडे, हातांकडे आणि पायांकडे वळते, आणि अखेरच्या कडव्यात तर अवघी सृष्टीही अपुरी ठरते. जेथे सृष्टीच तोकडी पडते तेथे माझा सोडलेला चहा आणि शेजाऱ्याचे सोडलेले मटण यांची तुलना कोण करणार? परतफेडीचा हिशेबच मिटवून टाकणारे हे कडवे आहे. त्यावर थैली फिरवणे म्हणजे मिटलेला हिशेब पुन्हा उघडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ गीत पाच कडव्यांचे आहे, पण चौथे कडवे अनेक गीतसंग्रहांतून गळालेले दिसते. वॉट्स यांनी स्वतःच पुढच्या आवृत्तीत ते वगळले तरी चालेल अशी खूण करून ठेवली होती. मरणाऱ्या ख्रिस्ताच्या अंगावर त्याचेच रक्त झग्याप्रमाणे पसरलेले आहे, आणि ते पाहणारा जगाला मेलेला आहे व जग त्याला मेलेले आहे, असे ते कडवे सांगते. वर्णन उग्र असल्यामुळे पुष्कळांना ते नकोसे वाटले असावे. तथापि गलतीकरांस पत्रातील त्याच वचनाचा उत्तरार्ध या कडव्यातच आहे. ते काढले की ‘सोडणे’ ही माणसाची करणी वाटू लागते. ते राहिले तर मात्र कळते की जगाची पकड सुटते ती वधस्तंभामुळे.

वॉट्स यांच्या आयुष्याचा एक धागाही येथे जोडण्याजोगा आहे. त्यांचे घराणे इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे राहिलेले होते. त्या मतांपायी त्यांच्या वडिलांना तुरुंगवास घडला होता, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची दारे अशा घरातील मुलांना बंद असल्यामुळे वॉट्स यांनी लंडनजवळच्या एका लहान अकादमीत शिक्षण घेतले. मान आणि लाभ यांना तोटा म्हणणाऱ्या माणसाला त्या दोहोंची किंमत चांगली ठाऊक होती.

उत्तर : एक परिचारिका, भुसावळ

वरील उत्तर मला पटले, पण त्यात एक बाजू राहून गेली आहे असे वाटते. ती बाजू बायकांची आहे.

रुग्णालयात रक्त कमी असलेल्या, अशक्त झालेल्या कितीतरी स्त्रिया मी रोज पाहते. सर्वांचे जेवण उरकल्यावर उरेल ते खायचे, दुखणे अंगावर काढायचे, आणि या सगळ्याला ‘आपला वधस्तंभ’ म्हणायचे, असे त्यांना शिकवले गेलेले असते. ही शिकवण मंडळीतूनही दिली जाते, हे मला अतिशय दुःखाने लिहावे लागते. मार्क ८:३४ मध्ये प्रभूने आत्मत्याग करून वधस्तंभ उचलण्यास सांगितले आहे ते ‘इच्छा असेल तर’ अशा शब्दांत. उचलणारा स्वतः उचलतो. दुसऱ्याच्या खांद्यावर लादलेल्या ओझ्याला ते वचन लावता येत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही ख्रिस्ताजवळ देवाचे स्वरूप होते आणि त्याने ते धरून ठेवले नाही, असे म्हटले आहे. ज्याच्या हाती काही आहे तोच ते सोडू शकतो. सुनेच्या हातून हिसकावलेल्या भाकरीला त्याग हे नाव देणे मला ख्रिस्ताचा अपमान वाटतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतले कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण आठवते. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा त्याग केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. तरीही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवत राहते की टिळकांच्या मोकळ्या हाताची झळ पुष्कळदा घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. त्यागाचा विचार करताना त्याची किंमत घरात कोण मोजत आहे, हेही पाहिले पाहिजे. यशया ५८ मध्ये देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे तो हाच : जोखडाच्या दोऱ्या सोडाव्यात, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यावी. नवापूरकर बंधूंनी आपला प्रश्न म्हाताऱ्यांना न विचारता मुकादमाला विचारावा, आणि मंडळीत व्याजाने पैसे देणारा कोणी असेल तर त्याला विचारावा.

उत्तर : पाळक, तळोदे

ताईंचे म्हणणे मी माझ्या मंडळीत वाचून दाखवणार आहे. मात्र त्यातून गरिबाला त्यागाची हाकच नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये, एवढ्यासाठी लिहितो.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मासेदोनियातील मंडळ्यांविषयी लिहितो. त्या मंडळ्या पराकाष्ठेच्या दारिद्र्यात होत्या, तरी यरुशलेमेतील गरजू पवित्र जनांच्या सेवेत आम्हालाही वाटा मिळावा म्हणून त्यांनी आग्रहाने विनवले. पौलाने त्यांच्याकडून काढून घेतले नाही. त्यांनी मागून घेतले. तेथे पाचव्या वचनात एक खूण आहे की त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले. आपल्या गीताचे अखेरचे कडवेही तेथेच पोहोचते. पुढे बाराव्या वचनात पौल म्हणतो की उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे. गरीब माणसाला ‘तू देऊ नकोस, तुझ्याकडे काय आहे?’ असे म्हणणे ही दया दिसते खरी, पण त्यात त्याचा मान जातो. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर पाहुणा आला तर घरातली शेवटची कोंबडी कापली जाते, आणि ती कापणाऱ्याला कोणी त्याग शिकवलेला नसतो.

विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला अर्पणाच्या वेळी आपण फार सहज देतो. मार्क १२ मध्ये त्याच्या लगेच आधी, चाळिसाव्या वचनात, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने दोष दिला आहे. ही दोन्ही वचने एका दमात वाचल्याखेरीज त्या दाखल्यावर कोणी उपदेश करू नये.

राहिला पोकळ गोष्टींचा प्रश्न. त्या फक्त पैसेवाल्यांच्या घरी असतात असे नाही. कर्ज काढून केलेल्या लग्नातला डामडौल, बांधावरून वर्षानुवर्षे धरलेला अबोला, दारूचा गुत्ता, आणि पाळकाला मिळणारी पहिल्या ओळीतली खुर्ची, या सगळ्या भुरळ घालणाऱ्या वस्तूच आहेत. यांतल्या खुर्चीविषयी मी प्रथम स्वतःला विचारतो.

नवापूरकर

सर, ताई, पाळकसाहेब, आपले मनःपूर्वक आभार. माझ्या प्रश्नात मी ‘सोडणे’ एवढेच धरून बसलो होतो; आता मला दिसते की पडावावरून परतलेल्या माणसाने भावाशी धरलेला अबोला सोडला तर ते या गीतात बसते, आणि त्याच्या उपाशी पोटाला मात्र मी त्यागाचे नाव देऊ शकत नाही. वडील मंडळींशी बोलून पवित्र गुरुवारी प्रभुभोजनाच्या आधी हे गीत ठेवावे आणि अर्पण उपासनेच्या आरंभीच घ्यावे, असे सुचवणार आहे. चौथे कडवे आमच्या वहीत नाही. ते पुन्हा बसवून घ्यायचे तर कोणती चाल धरावी? आमच्याकडे गाणारे बहुतेक वृद्ध आहेत.

पांझराकाठ, धुळे

या गीताला दोन चाली विशेष प्रसिद्ध आहेत : इंग्लंडमध्ये ‘रॉकिंगहॅम’, आणि अमेरिकेत लोवेल मेसन यांनी १८२४ साली बांधलेली ‘हॅम्बर्ग’. दुसरी चाल अवघ्या पाच स्वरांत फिरते, त्यामुळे वृद्धांना दम लागत नाही आणि पेटी नसली तरी सूर सुटत नाही. चारही ओळींची लांबी सारखी असल्यामुळे चौथे कडवे मराठीत बसवताना प्रत्येक ओळ बाकीच्या कडव्यांतल्या ओळींबरोबर म्हणून पाहावी. कच्चा मसुदा येथे टाकलात तर आपण सर्व मिळून तो नीट करू.