आम्लपित्ताने झिजलेल्या इनॅमलसाठी कोणती टूथपेस्ट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास आहे. तिच्या दातांना कीड लागलेली नसून घशाशी येणाऱ्या आम्लाने त्यांचे इनॅमल (दातावरचा कठीण थर) झिजत आहे, असे बेळगावच्या दंतवैद्यांनी सांगितले. वरच्या पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसू लागल्या आहेत, आतली बाजू पिवळसर आणि गुळगुळीत झाली आहे, आणि दाढेत पूर्वी भरलेली चांदी भोवतालच्या दातापेक्षा किंचित वर आलेली तिच्या जिभेला लागते. गार पाणी प्यायले की कळ येते.

इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, त्यामुळे गेलेला थर शरीर पुन्हा तयार करू शकत नाही, असे वाचले. मग ‘इनॅमल दुरुस्त करणारी’ टूथपेस्ट नेमके काय दुरुस्त करते? शेजारच्या आजी कळ थांबण्यासाठी मशेरी लावायला सांगतात, ते मला पटत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी निपाणी भागात दंतवैद्यक करतो. प्रथम मशेरीबद्दल : ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा आईंना ती मुळीच लावू देऊ नका.

आता मूळ प्रश्न. तोंडातील सामू (pH, हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात व पृष्ठभाग मऊ पडतो, पण तो लगेच निघून जात नाही. या मऊ अवस्थेत लाळेतील हेच क्षार परत बसू शकतात. फ्लोराइड असल्यास ते अधिक चांगले बसतात आणि नवा थर सुमारे 4.5 सामूपर्यंत टिकाव धरतो. टूथपेस्ट दुरुस्ती करते ती एवढीच. जो थर झिजून गेला, त्या जागी कंपोझिट (दाताच्या रंगाचे भरण) भरणे किंवा कॅप बसवणे हाच मार्ग उरतो. जठरातील आम्ल याहून कितीतरी तीव्र असल्याने पोटाच्या डॉक्टरांचा उपचार टाळून केवळ ट्यूब बदलण्यात अर्थ नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

झिजेसाठी मी स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट पसंत करतो, कारण त्यातील कथिलाचा पातळ थर दातावर बसून आम्लाला अडवतो. ती न मिळाल्यास 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 1000 भाग) आसपास फ्लोराइड असलेली साधी पेस्टही चालेल. भारतात कायद्याने तेवढीच मर्यादा आहे. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नस शांत करून कळ कमी करते, इनॅमलला मात्र तिचा उपयोग नाही. दुधातील केसीनपासून बनवलेले क्रीम पूरक म्हणून चालते, परंतु दुधाची ॲलर्जी असल्यास ते वापरू नये. दात पांढरे करणाऱ्या, कोळशाच्या पेस्ट आणि खरखरीत दंतमंजन कटाक्षाने टाळा.

आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच ब्रश केल्यास तो मऊ थर घासून निघतो. त्याऐवजी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे. मऊ ब्रश वापरावा, पेस्ट थुंकून टाकावी, नंतर खळखळून चूळ भरू नये. कोकम सरबत दिवसभर घोट-घोट न घेता जेवणाबरोबरच घेतलेले बरे.

आईंचे तोंड रात्री कोरडे पडते का, आणि त्यांना रक्तदाबाच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कळवा. लाळ कमी असेल तर सल्ला थोडा बदलेल.