वेखंड: तुमच्या घरी कशाकशाला वापरायचे? (अनुभव धागा)

बाळंतिणीची खोली म्हटलं की मला शेक, धुरी, ओवा आणि या सगळ्यांच्या वरचढ वेखंडाच्या मुळीचा उग्र दर्प आठवतो. आमच्याकडे पाचवीची पूजा झाली की बाळाच्या मनगटाला काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा बांधत, नजर लागू नये म्हणून. त्याच पुडीतलं दुसरं कांड सहाणेवर उगाळून गुटीत जाई. राखणही तीच मुळी करायची आणि औषधही तीच, याचं मला फार अप्रूप आहे. हे जाणणाऱ्या बायका आता थोड्या उरल्यात. तुमच्याकडे काय करत? कोण बांधायचं, कुठे, कधी, सगळं लिहा.

—

आमच्या कोकणातल्या घरी दृष्ट काढायची ती मीठ-मोहरीनेच, त्यात वेखंड नसे. वेखंड होतं ते झोपेत दचकणाऱ्या पोरासाठी, उशीखाली. तिन्हीसांजेला तान्हं मूल बाहेरून आलं की आजी उंबऱ्याबाहेरच थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, आणणारीच्या पायांवर पाणी घालायची, मगच आत घ्यायची. आत आल्यावर टाळूला वेखंडाची चिमूट. हा क्रम कधी चुकला नाही. वहिनीच्या बाळाला आईने परवा अगदी असंच घरात घेतलं.

—

पोट फुगलं की हिंग-वेखंडाचा कोमट लेप बेंबीभोवती. वारा सरला की बाळ गाढ झोपायचं. नजरेबिजरेचा संबंध आमच्याकडे कुणी लावला नाही.

—

आमच्या घरी भिक्षुकी. वेखंड होतं पोथ्यांच्या बासनात. लाल रुमालात पोथी गुंडाळताना वडील आत दोन-तीन तुकडे ठेवत, कसर म्हणजे पोथी खाणारी कीड लागू नये म्हणून. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पोथ्या निघाल्या की प्रत्येक तुकडा नाकाशी धरून बघत. वास उतरलेला तुकडा फेकून न देता धुरीत घालत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोथीलासुद्धा दृष्ट लागते रे, कसर म्हणजे तिची दृष्टच." आईच्या शालूच्या घडीतही तशीच पुरचुंडी असायची. बासनं आता माझ्याकडे आहेत आणि वेखंड मी न चुकता बदलतो.

—

मी आयुर्वेदाची वैद्य, म्हणून थोडं कळकळीने लिहिते. वेखंड म्हणजे आपली वचा. शास्त्रात पोटात द्यायच्या आधी तिचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितलंय. तिच्यात बीटा-असॅरोन हे घातक द्रव्य असतं, अमेरिकेत १९६८ पासून ती खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. म्हणून तान्ह्या बाळाला मनाने उगाळून देऊ नका. टाळूवर भुकटी उधळू नका, नाकातोंडात जाते. मनगटातला तुकडा सुटून थेट तोंडात जातो आणि गळ्यातल्या दोऱ्याचा फास बसू शकतो. आजीचं मन मोडायचं नसेल तर तुकडा कापडात शिवून बाळाचा हात पोचणार नाही असा खोलीच्या दाराला बांधा. राखण तिथूनही होते, असं मी आज्यांना सांगते आणि त्यांना पटतं.

—

आमच्या मळ्यात पाटाच्या कडेला, जिथे पाणी साचतं तिथे वेखंड आहे. पातं तलवारीसारखं लांब, चुरगळलं की तोच वास. आजोबा वाळलेली कांडं धान्याच्या कणगीत टाकायचे. कुणाला लावायचं असेल तर पसरट कुंडी घ्या, चिखल कायम ओला ठेवा आणि कांड आडवं, अर्धं वर दिसेल असं रोवा. काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं कांड रुजत नाही, ओलंच मिळवायला हवं.