फॉलोअर किती? नवोदित नट आणि सोशल मीडिया

तिसरी_घंटा
परवा एका ऑडिशनला क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला, बसले होते. एक मुलगा आला. पाठांतर चोख, आवाज स्वच्छ. पण माझं वाक्य सुरू झालं की याची हनुवटी उजवीकडे वळायची आणि भुवई वर जायची. दर वेळी तेवढीच. एकदा मी मुद्दाम रडवेल्या सुरात बोलले, तरी त्याच्या उत्तरात तसूभर फरक नाही. नंतर प्रोफाइल पाहिलं. ढीगभर रील, सगळ्यांत तोच कोन. आवाज दुसऱ्याचा, ओठ याचे, आणि समोर बघायला स्क्रीनवर तो स्वतःच!

रीलवर माझा राग नाही. पण ऐकायला ती शिकवत नाही, आणि ऐकता आलं नाही तर नट बोलणार काय, कपाळ? इन्स्टाग्रामने 2020 मध्ये रील आणलं तेव्हा मर्यादा 15 सेकंदांची होती. ती वाढली, घाई तशीच राहिली. पॉज घेतला की बघणाऱ्याचं बोट वर सरकतं.

विंगेत_उभा
असहमत. ताई, तुम्हाला ऐकायला शिकवणारं कुणी तरी भेटलं. आम्ही पाकिटात फोटो घालून ऑफिसांच्या दारात ठेवायचो. "कळवतो" म्हणायचे. पाकीट उघडलं की नाही, देव जाणे. आज सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच शूट केलेली ऑडिशन, घरून जाते. अमेरिकन लेखिका-अभिनेत्री इसा रेने 2011 मध्ये यूट्यूबवर स्वतःची मालिका आणली आणि 2016 मध्ये तिची मालिका एचबीओवर होती. कुणाच्या दारात उभी राहून हे झालं असतं का?

तिसरी_घंटा
इसा रे लिहीत होती, समोर नट घेऊन प्रसंग करत होती. आरशापुढे नव्हती. उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की!

मागचा_बाक
दोघंही मूळ दुखण्याला बगल देताय. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या सोफी टर्नरने 2017 मध्ये मुलाखतीत स्वतःच सांगितलं होतं, की एका भूमिकेसाठी समोरची अभिनेत्री तिच्याहून कितीतरी सरस होती, पण फॉलोअर हिचे जास्त, म्हणून काम हिला मिळालं. आता बोला. मलाही एकाने टेप न बघताच "आधी आकडा वाढव" म्हणून परत पाठवलंय. आणि फुकट लाइक देणारा तिकीट काढेलच, हे कुणी ठरवलं?

विंगेत_उभा
पूर्वी आडनाव बघायचे. आडनाव कुठून आणायचं? आकडा निदान कमावता येतो.

मागचा_बाक
विकतही मिळतो.

नवखी_22
मला तर "निवड झाली, नोंदणी शुल्क भरा" असले मेसेज येतात. ऑडिशन न देताच निवड 😀 पैसे मागितले की ब्लॉक. पण अकाउंटच बंद करावं का? दुसऱ्यांची "नवीन प्रोजेक्ट" पोस्ट दिसली की दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

तिसरी_घंटा
बंद नको करूस, टेप मागणारे तिथेच येतात. फक्त सेल्फी कॅमेरा सोड. मागच्या कॅमेऱ्याने शूट कर, म्हणजे स्वतःचा चेहरा दिसणार नाही. क्यू देणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभं कर आणि लुक, म्हणजे नजर, त्याला दे.

विंगेत_उभा
आणि क्यू द्यायलाच कुणी नसेल तर? सल्ले सोपे असतात ताई.

तिसरी_घंटा
मान्य. नवखी, संवाद मेसेज कर. रात्री नऊनंतर फोन स्पीकरवर ठेव, मी देते क्यू.